ओट्यावरच्या सुऱ्या कुठे ठेवाव्यात?

आपल्या समाजातल्या बहुतेक घरांत सुऱ्यांची जागा म्हणजे ओट्याखालचा खण, इथल्या बोलीत मेगेरा. त्यात चमचे, काटे, सोलणे, डबे उघडायचे यंत्र, रबराची वेटोळी, आणि त्यांच्यामध्येच कुठेतरी तीन-चार सुऱ्या. चाळिशीत हे चालून जाते, कारण नजर तेज असते आणि बोटांना अंदाज असतो. सत्तरी-ऐंशीत तोच खण धोक्याचा होतो. मोतीबिंदूमुळे खणातल्या अंधारात पाते आणि मूठ वेगळी दिसत नाही. संधिवाताने बोटे नीट मिटत नाहीत. आणि आपल्यापैकी पुष्कळजण हृदयासाठी रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घेतात. अशा माणसाचे बोट कापले की रक्त लवकर थांबत नाही.

तेव्हा वाचकहो, सुरी कुठे ठेवायची हा प्रश्न नुसत्या टापटिपीचा नाही. हल्ली दुकानांत लाकडाचे लोहचुंबकी ठोकळे मिळतात, ज्यांच्या अंगाला सुऱ्या नुसत्या चिकटून राहतात. ते आपल्या वयाच्या माणसांना कितपत सोयीचे, आणि घ्यायचे तर काय पाहून घ्यावे, याबद्दल आमच्याकडे विचारणा होत असते. म्हणून हा लेख.

आधी थोडे मागे जाऊ. अलिबाग, रेवदंडा, पेण, पनवेल या बाजूच्या आपल्या घरांत सुरीपेक्षा विळीचे राज्य होते. विळी जागची हलत नाही, हलते ती भाजी किंवा मासळी. पाट पायाने दाबलेला, दोन्ही हात मोकळे, आणि पुढच्या टोकाला नारळ खवायची सोय. काम झाले की विळी धुऊन, पाते मिटवून किंवा भिंतीकडे तोंड करून आडवी ठेवायची, हे घरातल्या लहान मुलालासुद्धा माहीत असे. उभी विळी मध्येच टाकून कोणी उठले तर आजीचा आवाज चढत असे. अंधारात उठलेल्या माणसालाही पाते कुठे आहे हे ठाऊक असायचे. इस्राएलमध्ये आल्यावर गुडघ्यांनी जमिनीवर बसणे सोडले, ओटा आला, ज्याला इथले लोक शायिश म्हणतात, आणि विळीच्या जागी सुऱ्या आल्या. सुऱ्या आल्या, पण त्यांची ठरलेली जागा मात्र आली नाही.

जागा देण्याचे चार प्रकार आहेत. पहिला, खाचांचा लाकडी ठोकळा. तो पुष्कळांकडे सुऱ्यांच्या संचाबरोबर आलेला असतो. त्याची अडचण अशी की अरुंद खाचेत सुरीचे टोक नेमके घालावे लागते. हात थरथरत असेल तर टोक दोनदा लाकडावर आपटते, तिसऱ्यांदा दुसऱ्या हातावर. शिवाय खाचेच्या तळाशी पावाचा चुरा आणि ओल साचते, आणि तिथे फडके पोहोचत नाही. दुसरा प्रकार भिंतीवरची लोहचुंबकी पट्टी. ती चांगली असते, पण सिमेंटच्या भिंतीला भोके पाडावी लागतात, आणि भाड्याच्या घरात त्यासाठी मालकाची परवानगी हवी. त्याहून मोठी अडचण म्हणजे हात खांद्यापर्यंत उचलावा लागतो. खांदा आखडलेल्या माणसाच्या हातून सुरी सुटली तर ती पायावरच पडणार. तिसरा प्रकार खणातच बसवायचा लाकडी साचा. त्याबद्दल पुढे सांगतो. चौथा आपला लोहचुंबकी ठोकळा. तो ओट्यावर उभा असतो, सुऱ्या पूर्ण दिसतात, मूठ कोपराच्या उंचीवर येते आणि टोक कुठे घालावे लागत नाही.

आता हा ठोकळा धरून कसा ठेवतो ते पाहू. शाळेत आपण सर्वांनी कागदावर लोखंडाचा कीस पसरून खालून लोहचुंबक फिरवलेला आहे. तेच तत्त्व इथे आहे. लाकडाच्या आत लोहचुंबकाचे तुकडे किंवा पट्ट्या बसवून वर लाकडाचा पातळ थर ठेवलेला असतो. जुने काळे लोहचुंबक बोजड असत आणि त्यांची ओढ बेताची असे. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला जपान आणि अमेरिकेत निओडायमियम, लोखंड आणि बोरॉन यांपासून नव्या जातीचे लोहचुंबक तयार झाले. ते नाण्याएवढे असूनही भलते जोरकस असतात. चांगल्या ठोकळ्यात तेच वापरतात.

पण लोहचुंबकाची ओढ अंतराबरोबर झपाट्याने घटते. घरी करून पाहा. फ्रीजवरच्या लोहचुंबकाला कागदाचा एक कपटा लावून त्यावर स्टीलची सेफ्टी पिन धरा, ती चिकटते. कागद वाढवत जा. काही कागदांनंतर पिन सैल होते आणि जाड पुठ्ठा आला की गळून पडते. ठोकळ्याचेही असेच आहे. वरचा लाकडी थर दोन-तीन मिलिमीटरचा असेल तर सुरी घट्ट बसते. थर जाड असेल तर आतला लोहचुंबक कितीही भारी असला तरी जड सुरी हळूहळू खाली घसरते. म्हणून डब्यावर काय छापले आहे यावर भरवसा ठेवू नये, हाताने पाहावे.

दुकानात जाताना घरची सर्वांत जड सुरी नेता आली तर उत्तम. नेलीत तर ती पुठ्ठ्यात गुंडाळून पिशवीच्या तळाशी ठेवा आणि दारावरच्या पहारेकऱ्याला आधीच सांगा. नाहीतर इथल्या बाजारांच्या दारांवर काय गोंधळ होईल ते सांगायला नको. ते नको असेल तर दुकानातलीच एखादी मोठी सुरी मागून घ्या. वीस सेंटिमीटर पात्याची सुरी साधारण दोनशे ग्रॅमच्या आसपास भरते. ती ठोकळ्याला लावा आणि मुठीवर एका बोटाने खाली हलके दाबा. जागची हलली नाही तर ओढ पुरेशी आहे. मग एक सेफ्टी पिन दोऱ्याला बांधून ठोकळ्याच्या अंगावरून फिरवा. स्वस्त मालात लोहचुंबक तीन-चार ठिकाणीच चिकटवलेले असतात आणि मधल्या जागा रिकाम्या असतात. पिन काही ठिकाणी ओढली जाते आणि काही ठिकाणी मेल्यासारखी लोंबते. असा ठोकळा घेऊ नये, कारण सुरी दर वेळी नेमक्या जागी लावण्याएवढी आपली नजर आता भरवशाची नाही.

दुसरी परीक्षा वजनाची. ठोकळ्याच्या वरच्या कडेला एका बोटाने ढकलून पाहा. तो डुलत असेल तर सोडून द्या. सुरी ओढून काढताना ठोकळाही बरोबर येतो आणि उरलेल्या सुऱ्यांसकट आडवा होतो. तळ रुंद हवा, खाली रबराचे पाय हवेत, आणि दीड-दोन किलोपेक्षा हलका नसावा. तो रोज उचलायचा नसतो, त्यामुळे जडपणाची भीती नको.

तिसरी गोष्ट उंचीची. पावाची सुरी सर्वांत लांब, तिचे पाते वीस ते पंचवीस सेंटिमीटरपर्यंत असते. ठोकळा त्याहून फार ठेंगणा असेल तर तिचे टोक ओट्यावर टेकते किंवा मूठ अर्ध्याहून जास्त वर जाऊन ठोकळा वरजड होतो. घरी सर्वांत लांब पाते मोजून तो आकडा कागदावर लिहून न्यावा. दुकानदाराशी बोलताना वस्तूचे हिब्रू नाव उपयोगी पडते: मआमाद साकीनीम मगनेती. पावती, म्हणजे कबाला, घरी सुरी लावून पाहीपर्यंत फेकू नये.

सगळ्या सुऱ्या चिकटतील असेही नाही. आपण मुंबईहून आणलेली स्टीलची पातेली आणि डबे ज्या जातीच्या स्टीलचे असतात त्यात साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असते. त्याला लोहचुंबक जवळजवळ धरतच नाही. सुरीला धार टिकावी लागते म्हणून तिचे पोलाद वेगळे असते, कठीण आणि बहुधा लोहचुंबकाला धरणारे. चिनीमातीसारख्या पांढऱ्या पात्याच्या सुऱ्या मात्र मुळीच चिकटत नाहीत. नवा ठोकळा घेण्याआधी फ्रीजवरचा लोहचुंबक घेऊन आपल्या सुऱ्या एकेक तपासाव्यात. पाच मिनिटांचे काम आहे, आणि त्यात बोथट सुऱ्या किती साठल्या आहेत तेही कळते.

आता सर्वांत महत्त्वाचे. ज्यांच्या छातीत पेसमेकर आहे त्यांनी हा भाग दोनदा वाचावा. पेसमेकरवर जोरकस लोहचुंबक धरला की तो आपली नेहमीची पद्धत सोडून ठराविक गतीने ठोके देऊ लागतो. तपासणीच्या वेळी डॉक्टर स्वतः हे मुद्दाम करतात. ज्यांना झटका देणारे यंत्र, म्हणजे डिफिब्रिलेटर, बसवले आहे त्यांच्या बाबतीत लोहचुंबक जवळ असेपर्यंत ते यंत्र झटका देणे थांबवू शकते. लोहचुंबक दूर गेला की ही यंत्रे साधारणपणे पूर्ववत होतात. पण गरज नेमकी त्याच क्षणी पडली तर? म्हणून लोहचुंबक असलेल्या वस्तू अशा यंत्रापासून निदान 15 सेंटिमीटर दूर ठेवाव्यात असे सांगतात. ओट्याच्या मागच्या कडेला उभा असलेला ठोकळा सहसा त्याहून लांबच असतो. धोका होतो तो पुसायला किंवा हलवायला म्हणून कोणी ठोकळा छातीशी कवटाळून उचलतो तेव्हा. तसे कधीही करू नये. हलवायचा असेल तर मुलाला, सुनेला किंवा घरच्या मेतापेलेतला सांगावे.

डोक्यात पाणी साचते म्हणून ज्यांना नळी आणि झडप बसवली आहे त्यांच्यातल्या काही झडपा लोहचुंबकानेच जुळवलेल्या असतात, आणि बाहेरच्या लोहचुंबकाने त्यांची जुळणी बदलू शकते. कानामागे कॉक्लिअर यंत्र बसवलेल्यांच्या त्वचेखाली लोहचुंबक असतो. अशा सर्वांनी विकत घेण्याआधी आपल्या कुपात खोलीमच्या डॉक्टरांना विचारावे. आमचे मत विचाराल तर घरात कोणालाही डिफिब्रिलेटर असेल तर लोहचुंबकी ठोकळ्याचा नाद सोडावा आणि खणातला लाकडी साचा घ्यावा. त्यात प्रत्येक सुरीसाठी आडवी खाच असते, धार खाली, मूठ वर. अट एकच, त्या खणात दुसरे काहीही ठेवायचे नाही. काचबिंदू, मोतीबिंदू असलेल्यांनाही तो चालतो, कारण हात फक्त मुठींवरच पडतो.

जाता जाता एक लहान सूचना. बँकेचे कार्ड ठोकळ्याला टेकवून ठेवू नये. कार्डामागच्या काळ्या पट्टीवर जोरकस लोहचुंबकाचा परिणाम होऊ शकतो.

लाकडाविषयी दुकानदार फार बोलतात, पण आपल्याला त्यातले थोडेच लागते. अक्रोड, ओक, बीच, बाभळीच्या जातीची लाकडे आणि बांबू हे सर्व मिळतात. बांबू मुळात गवत. तो कठीण असतो, पण फळ्या चिकटवून बनवलेला असतो, म्हणून सांधे पाहून घ्यावेत. दुकानात ज्याला अकेशिया म्हणतात ते आपल्याकडच्या बाभळीचे भावंड. बाभळीच्या लाकडाच्या गाडीच्या चाकांचे आणि नांगरांचे दिवस आपल्यातल्या खेड्यांतून आलेल्यांना आठवत असतील. हिब्रूत त्याला शिट्टा म्हणतात. तोरात मिश्कानचा कोश ज्या लाकडाचा करायला सांगितला आहे ते हेच शिट्टीम. अर्थात दुकानातला माल नेगेवमधल्या झाडाचा असतो असे कोणी समजू नये. गडद लाकडावर सुऱ्यांचे चकचकीत पाते उठून दिसते, आणि नजर अधू असलेल्यांनी या एका कारणासाठी गडद रंग निवडावा. तेवढे पाहिले की पुरे.

लाकडाला वर्षातून दोन-तीनदा तेल लागते. अश्दोद किंवा अश्केलोनच्या दमट हवेत थोडे कमी, दिमोना आणि बेर शेवाच्या कोरड्या हवेत थोडे जास्त. इथे आपण शनवार तेल्यांची लेकरे हात आवरत नाही. हाताशी खोबरेल असते, तिळाचे असते, ऑलिव्हचे तर असतेच. पण खाण्याची तेले लाकडात मुरून कालांतराने खवट होतात आणि चिकट थर बसतो. औषधांच्या दुकानात मिळणारे पातळ पॅराफिन घ्यावे. त्याला वास नसतो आणि ते खवट होत नाही. फडक्यावर चमचाभर घेऊन चोळावे, रात्रभर ठेवावे आणि सकाळी कोरड्या फडक्याने पुसावे. ठोकळा नळाखाली धरू नये, भांडी धुण्याच्या यंत्रात तर नाहीच. पाणी सांध्यांत शिरते आणि आतल्या लोहचुंबकाला गंज लागतो.

आपल्या घरांतला आणखी एक प्रश्न आहे तो बसारी आणि हलावी सुऱ्यांचा. मांसाच्या आणि दुधाच्या सुऱ्या एकाच ठोकळ्याला लावाव्यात का? धर्मनियम आपापल्या रब्बींना विचारावा. आम्ही फक्त सोयीचे सांगतो. एकाच ठोकळ्याच्या दोन बाजू वाटून घेतल्या तर पहिले चार दिवस सर्व ठीक चालते. मग पाहुणे येतात, नातवंडे येतात, नवी मेतापेलेत येते, आणि डावी-उजवी बाजू कोणाच्या लक्षात राहत नाही. कोणी पुसताना ठोकळाच फिरवून ठेवतो. म्हणून मोठ्या एकाऐवजी लहान दोन घ्यावेत, एक ओट्याच्या या टोकाला, दुसरा त्या टोकाला. मुठींना रंगीत चिकटपट्टी लावावी. मांसाला लाल, दुधाला निळी, पार्वेला हिरवी ही इथली रूढ पद्धत सर्वांना कळते. लहान ठोकळ्यांवर सुऱ्याही कमी मावतात, आणि ते बरेच आहे. प्रत्येक बाजूला एक मोठी सुरी, एक लहान आणि लागली तर एक दात्यांची, याहून जास्त लागत नाहीत. दुकानातले बारा-बारा सुऱ्यांचे संच तरुण जोडप्यांसाठी असतात.

पेसाखच्या आधी, म्हणजे जुन्या माणसांच्या अनाशी ढाकायच्या सणाआधी, ठोकळ्यावर उकळते पाणी ओतायचा विचार कोणी करू नये. लाकूड उकलते, डिंक सुटतो, आणि फार तापले तर या नव्या जातीच्या लोहचुंबकाची ओढही कायमची कमी होऊ शकते. नुसता कोरडा पुसून बाकीच्या बंद सामानाबरोबर कपाटात ठेवून द्यावा. सणाच्या आठवड्यात पेसाखच्या सुऱ्यांसाठी घडी केलेला टॉवेल घातलेला एक खण पुरतो.

राहिली वापरायची रीत. सुरी ठोकळ्याला लावताना धारेकडून लावू नये. आधी पात्याची पाठ, म्हणजे बोथट कड, लाकडाला टेकवावी आणि मग पाते हळूच आडवे करावे. तसे केले नाही तर लोहचुंबक सुरी एकदम ओढून घेतो, खटकन आवाज होतो, धार लाकडात रुतते आणि हात दचकतो. काढतानाही सरळ ओढू नये. मूठ धरून धारेची बाजू आधी उचलावी, पाते पाठीवर कलले की ओढ आपोआप सुटते. एका हाताने ठोकळ्याचा माथा धरावा, बोटे पात्यांपासून दूर. संधिवाताच्या हातांनी एक-दोन दिवस बोथट सुरीवर सराव करून घ्यावा, आणि तरीही ती जड वाटली तर इतक्या जोराचा ठोकळा आपल्यासाठी नाही असे समजून खणातल्या साच्याकडे वळावे. सुरी लावण्याआधी धुऊन कोरडी करावी. धार लावल्यावर तर नक्की पुसावी, कारण पोलादाचा बारीक कीस लोहचुंबकी पात्याला चिकटून राहतो आणि पुढच्या कांद्यात उतरतो.

ठोकळा सिंकजवळ नको, शेगडीजवळ नको, आणि ओट्याच्या पुढच्या कडेला तर मुळीच नको. उघड्या सुऱ्या लहान मुलांना दिसतात आणि हातात घ्याव्याशा वाटतात. शुक्रवारी नातवंडे येणार असतील त्या घरात तो मागच्या कोपऱ्यात, भिंतीला टेकून असावा.

एवढी काळजी घेऊनही बोट कापलेच तर स्वच्छ फडक्याने घट्ट दाबून हात छातीच्या वर धरावा आणि सलग दहा मिनिटे दाब सोडू नये. मध्ये मध्ये उघडून पाहिले की रक्त पुन्हा सुरू होते. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील आणि तेवढ्यानेही थांबले नाही तर शेजाऱ्याला हाक मारावी आणि 101 वर मागेन दाविद अदोमला फोन करावा.

ठोकळा आला की खणातून दहा-पंधरा जुन्या सुऱ्या बाहेर निघतात असा अनुभव आहे. त्यातल्या चांगल्या कोणाला हव्या असतील तर द्याव्यात. बाकीच्या टाकताना पाते जाड पुठ्ठ्यात गुंडाळून वरून चिकटपट्टी लावावी आणि त्यावर मोठ्या हिब्रू अक्षरांत साकीन असे लिहावे, म्हणजे कचऱ्याची पिशवी उचलणाऱ्याचा हात कापणार नाही.